दांड्यावरचं गवत

मे महिन्यात मेर नदी काठ सोडून कुरणात शिरली, दोन रात्री मुक्काम केला आणि परत आपल्या जागी गेली. जाताना खालच्या अंगाला बोटभर चिकट गाळ ठेवून गेली. थंडीनं वरचं गवतही यंदा विरळच होतं, पण निदान ते गवत तरी होतं. खाली ऑर्ड्रिकच्या वाट्याला जे उगवलं होतं त्याला बकरीनंही तोंड लावलं नसतं.

एल्मफर्डात कुरणाचे वाटे दरसाल खुणेच्या काड्या उचलून ठरतात. यंदा काडी उचलायला ऑर्ड्रिकनं बायकोला पुढं केलं होतं. तुझा हात चांगला आहे, म्हणाला होता. गोल्डा ते विसरायला तयार होती, पण गाव विसरू देत नव्हतं. विहिरीवर पाणी भरताना शेजारची टोला म्हणायची, "गोल्डे, माझी कोंबडी खुडूक बसलीया, तेवढा तुजा हात नको लावूस तिला." गोल्डा हसायची, पण घरी येऊन गोठ्यात ब्रॉकच्या तोंडाकडं बघितलं की हसू जागच्या जागी विरायचं.

ब्रॉक त्यांचा बैल, काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला. आठ घरांचे आठ बैल मिळून गावाचा एक नांगर होतो. ज्याचा बैल, त्याची पाळी. बैल नाही तर जमीन नांगरून मिळत नाही, आणि मग माणूस दुसऱ्याच्या बांधावर हात पसरून उभा राहतो. मार्टिन संताच्या सणाला, हिवाळ्याच्या तोंडावर, ज्यांना चारा पुरणार नाही ती जनावरं गावात कापली जातात. त्या दिवशी सगळ्या गावाला मांस मिळतं आणि पोरं खूश असतात. ब्रॉक त्या दिवशी उभा राहील की आडवा होईल, एवढाच प्रश्न गोल्डाच्या डोक्यात उन्हाळाभर फिरत होता.

"मालकाच्या कुरणाची कापनी हाय की अजून," ऑर्ड्रिक तिला सांगायचा. "तीन दिवसांची तीन वझी. ब्रॉक खाऊन माजंल."

त्याचं खोटं नव्हतं. मालकाचं कुरण गावानं फुकट कापायचं, आणि त्या बदल्यात रोज संध्याकाळी प्रत्येक कापणाऱ्यानं आपल्या लांब दांड्याच्या विळ्यावर मावेल तेवढं गवत उचलून घरी न्यायचं, ही जुनी रीत होती. पातं गवताच्या ढिगाखाली घालायचं, दांड्याचं टोक धरायचं आणि एका दमात उचलून काठावरच्या काटेरी झाडापर्यंत चालत जायचं. दांडा जमिनीला टेकता कामा नये, मोडता कामा नये. टेकला किंवा मोडला तर सगळं गेलं.

राजा बदलला त्याला यंदा दहा वर्षं होत होती. जुने मालक ब्रिथविन आपली दोन्ही पोरं आणि गावातले सहा गडी घेऊन समुद्राकडं लढाईला गेले होते, त्यात गोल्डाचा धाकटा भाऊ होता. कुणी परतलं नाही. मग नव्या राजानं नेमलेला परदेशी मालक सर्लो आला, मानेवरचे केस खरडून काढलेला, घोड्यावर बसून बसून पाय वाकडे झालेला. त्यानं पहिल्या हिवाळ्यात सगळ्या गावाला खणायला लावून मातीचं टेकाड उभं केलं आणि त्यावर लाकडी गढी बांधली. त्या टेकाडाची माती ऑर्ड्रिकच्या पाठीवरून गेली होती आणि पावसाळी हवेत ती पाठ अजून त्याची आठवण काढायची. पण दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं. आता सर्लो गावाची भाषा बोलायचा, तबेल्यात शिकलेली, त्यामुळे शिव्यांना पक्की आणि बाकी कच्ची. कापणीच्या दिवसांत तो सफरचंदाची आंबट दारू पाजायचा. पहिल्या वर्षी लोकांनी ती थुंकून टाकली होती. आता एखाद्या वर्षी उशीर झाला तर चौकशी करायचे.

जूनच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर सर्लोनं गड्यांना चर्चच्या अंगणात थांबवलं. बायकाही थांबल्या, त्यांना कुणी थांबा म्हणालं नव्हतं तरी. गावाचा जुना कारभारी हिवाळ्यात वारला होता आणि इतकी वर्षं गवताचा हिशोब तोच बघायचा.

"मी आलो त्या वर्षी," सर्लो म्हणाला, "माणूस गवत नेत होता एवढं." त्यानं हात छातीशी गोल केले. "आता नेतो एवढं." हात पसरून दाखवले. "माणसं तीच. गवत तेच. मग काय वाढलं?"

विगोट, टोलाचा नवरा, आभाळात ढग बघू लागला. काय वाढलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. दांडे वाढले होते. कापायला बारीक, हलका दांडा आणि संध्याकाळी उचलायला वेगळा, मनगटाएवढा जाड. पातं काढून त्यात बसवलं की झालं. त्याला गावात संध्याकाळचा दांडा म्हणायचे. जुन्या मालकाच्या वेळी असलं काही नव्हतं. सर्लोला कळत नाही म्हटल्यावर कुणीतरी सुरू केलं, मग शेजाऱ्यानं त्याहून जाड केला, आणि गेल्या वर्षी विगोटचा दांडा तर घराला टेकू म्हणून शोभला असता.

"जुन्या राजाच्या वेळी होतं तेच मला पाहिजे. जास्त नको, कमी नको," सर्लो म्हणाला. "कोण सांगणार? शपथेवर."

सगळ्या माना डनिंगकडं वळल्या. डनिंग म्हणजे ऑर्ड्रिकचा बाप, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. एका डोळ्यात फूल पडलेलं, पण आठवण अशी की कुणाच्या आजीनं कुणाची मेंढी कधी बांधून ठेवली तेही सांगेल. आणि शपथेवर खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं.

म्हाताऱ्यानं संताची हाडं ठेवलेल्या पेटीवर हात ठेवला आणि सगळी रीत सांगितली. तीन दिवस, तीन ओझी. त्या दिवशी त्यानंच कापलेल्या गवतातून उचलायचं. दांडा टेकला किंवा मोडला तर त्या दिवसाचं गवत मालकाचं. इथं तो थांबला, आणि गोल्डाला वाटलं, झालं, सुटलो. पण म्हातारा खाकरला.

"आन् ज्या दांड्यानं दिसभर कापलं, त्याच दांड्यानं उचलायचं," तो म्हणाला. "दोन दांडं ही रीत न्हवं. ती चोरी हाय."

"आबा, तुमी कुनाकडनं हाय?" विगोट दातांत म्हणाला.

"रीतीकडनं."

सर्लोनं मान डोलावली. "एक दांडा," तो म्हणाला आणि घोड्याकडं चालता झाला.

घरी येईपर्यंत गोल्डानं तोंड शिवून ठेवलं होतं. चुलीपुढं बसल्यावर ते उसवलं.

"मामंजी, तुमाला कुनी इचारलं व्हतं का दांड्याचं? त्यो सोताहून म्हनला व्हता का?"

"इचारलं की. काय वाढलं म्हून इचारलं."

"मग गप ऱ्हायाचं. विगोट ऱ्हायला की गप. समदं गाव ऱ्हायलं."

डनिंगनं बार्लीची भाकरी कांद्याच्या रश्श्यात बुडवली. त्याला दात नव्हते, त्यामुळे भांडताना त्याला घाई नसायची.

"गोल्डे," तो म्हणाला, "त्यो काय म्हनला? जुन्या राजाच्या येळंचं पायजे म्हनला. कुठला परदेशी मानूस आसं म्हनतो? आज म्या खोटं सांगितलं, आन् उद्या त्याला कळलं, तर त्यो म्हनंल, ह्यांच्या समद्याच रीती खोट्या. मग गवत न्हाई, सरपन न्हाई, डुकरांना रान न्हाई. त्याला आपला शबुद खरा वाटला पायजे. ती एकच गोष्ट आपल्यापाशी शिल्लक हाय."

"आन् बैल?"

ऑर्ड्रिकनं भिंतीवरचा जाड दांडा काढला, हातात तोलला आणि चुलीत घातला. ते लाकूड चांगलं होतं, रात्रभर जळत राहिलं. गोल्डा कुशीवर वळून त्याच्याकडं बघत पडली आणि सासऱ्यावरचा तिचा राग काही निवला नाही.

कापणीच्या पहिल्या दिवशी पहाटेच गडी कुरणात ओळीनं उभे राहिले. दव असताना गवत मऊ कापतं. विळे एकदम फिरले की सगळ्या कुरणातून एकच आवाज निघायचा, मग पुन्हा, मग पुन्हा. ऑर्ड्रिक पुढं होता. त्याच्या कमरेला पाण्यानं भरलेलं शिंग, शिंगात धारेचा दगड. तो कापायला लागला की त्याच्या पाठीतली कळ पहिला तासभर बोलायची आणि मग कंटाळून गप्प व्हायची. बारीक दांडा त्याच्या हातात खेळण्यासारखा होता, आणि गोल्डाला नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

बायकांचं काम मागं. दाताळ्यांनी गवत पसरायचं, उलटायचं, वाळवायचं. ऑर्ड्रिकनं पहाटे कापलेल्या पहिल्या ओळी गोल्डानं बघितल्या आणि ती थबकली. इतकी वर्षं संध्याकाळी गडी शेवटचं कापलेलं ताजं गवतच उचलायचे, कारण ते पायाशी असायचं आणि जाड दांड्याला ओल्या वजनाची फिकीर नव्हती. पण म्हाताऱ्यानं शपथेवर काय सांगितलं होतं? त्या दिवशी त्यानंच कापलेलं. सकाळी की संध्याकाळी, ते सांगितलं नव्हतं.

"टोले," तिनं हाक मारली. "तुज्या नवऱ्याच्या पहाटंच्या वळी कुठं हायत?"

"त्या काय, खालच्या अंगाला. का गं?"

"त्या पातळ पसर. आन् सारक्या उलटत ऱ्हा."

टोलानं क्षणभर तिच्याकडं बघितलं, मग दाताळं उचललं. "तुजा हात काडीला वाईट हाय," ती म्हणाली, "पन डोकं बरं हाय."

त्या दिवशी ऊन असं पडलं की जणू गावानं सांगून मागवलं होतं. बायकांनी पहाटेचं गवत पसरलं, उलटलं, झाडलं, पुन्हा उलटलं. गोल्डाच्या तळव्यांना फोड आले आणि फुटले. मानेवर घामात गवताचं बी चिकटून खाज सुटली. दुपारी भाकरी, चीज आणि सफरचंदाची दारू आली तेव्हा ती उभ्या उभ्या प्यायली. संध्याकाळपर्यंत ते गवत खडखडीत वाळलं, हातात घेतलं की कुजबुजायचं, आणि वजन म्हणाल तर पोरानंही भारा उचलला असता.

ऑर्ड्रिकनं बारीक दांडा ढिगाखाली घातला, गुडघे वाकवले आणि उचललं. दांडा वाकला, पण धरून राहिला. ढिगाआड त्याचं डोकंसुद्धा दिसत नव्हतं. दोन पायांचं गवत चालत काटेरी झाडाकडं निघालं आणि बायका हसायला लागल्या.

सर्लो घोड्यावरून बघत होता. तो उतरला, झाडाखाली टाकलेल्या गवतात हात घालून त्यानं मूठभर काढलं, नाकाशी धरलं.

"हे कुणाचं डोकं?" त्यानं विचारलं.

"माजं, मालक," गोल्डा म्हणाली.

"म्हातारा, हे रीतीत बसतं?"

डनिंग झाडाच्या सावलीत बसला होता. "त्याच दिशी कापलेलं हाय, त्यानंच कापलेलं हाय, त्याच दांड्यानं उचाललं हाय," तो म्हणाला. "बसतं."

सर्लो थोडा वेळ त्या गवताचा वास घेत राहिला. "माझी आई असंच वाळवायची," तो म्हणाला. "मला उलटायला लावायची. हाताला फोड यायचे." आणि त्यानं गोल्डाच्या हातांकडं बघितलं. तिनं हात घागऱ्यात लपवले, का ते तिलाही कळलं नाही. त्या माणसाला आई असेल हा विचार दहा वर्षांत तिच्या मनाला कधी शिवला नव्हता, आणि तो शिवल्याचा तिला जरा रागच आला.

दुसरा दिवसही तसाच गेला. विगोटनं एवढं उचललं की टोलानं त्याची दृष्ट काढायचं नाटक केलं. गोल्डा रात्री अंथरुणावर पडली तेव्हा तिची पाठ आणि ऑर्ड्रिकची पाठ एकमेकींना टेकून ठणकत होत्या, आणि तरी तिला फार दिवसांनी चांगली झोप लागली. दोन ओझी घरात होती. तिसरं आलं की ब्रॉक हिरवं गवत उगवेपर्यंत तरला. तिसरं नाही आलं तर दोन ओझ्यांवर तो फेब्रुवारीपर्यंत उभा राहिला असता, आणि नांगर नेमका फेब्रुवारीत धरायचा असतो. तेव्हा उपाशी बैल जुवाखाली घालण्यापेक्षा मार्टिनच्या सणालाच कापलेला बरा.

तिसऱ्या दिवशी पहाटे नदीवरून धुकं उठलं आणि दुपारपर्यंत हललंच नाही. मग ढग आले. पाऊस नव्हता, पण ऊनही नव्हतं. गोल्डानं पहाटेच्या ओळी पसरल्या, उलटल्या, टोलाला हाताशी घेऊन पुन्हा उलटल्या. गवत मऊच राहिलं, वळलेल्या दोरीसारखं. संध्याकाळी तिनं मूठभर पिळून बघितलं आणि हात ओला झाला.

"अवो," ती ऑर्ड्रिकला म्हणाली, "आज निम्मंच घ्या. जड हाय."

"निम्म्यानं भागतंय व्हय?"

"निम्मं तर निम्मं. मोडला तर तेबी जाईल."

तो ऐकल्यासारखं करून खाली वाकला. आधी थोडंच घेतलं, तेही खरं. दांडा जरा उचलून बघितला, बरा वाटला. मग पायानं आणखी थोडं ओढलं. मग आणखी थोडं. गोल्डानं हाक मारायला तोंड उघडलं तोवर तो उठला होता. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं, तो झाडाकडं अर्ध्या वाटेवर होता, आणि दांडा मोडला. आवाज फार मोठा नव्हता. गवत त्याच्या पायावर बसलं आणि तो हातात दांड्याचा तुकडा घेऊन उभा राहिला.

कुरणातलं सगळं काम थांबलं. विगोट आपलं ओझं झाडाखाली टाकून परत येत होता, तोही थांबला. सर्लो पायीच आला, मोडलेल्या टोकाकडं बघितलं, मग लोकांकडं.

"आता?" तो म्हणाला. "जुन्या राजाच्या वेळी काय करत होते?"

त्यानं विचारलं सगळ्यांना, पण बघत होता डनिंगकडं. गोल्डाही बघत होती. विसरा, ती मनात म्हणाली. आज एक दिवस विसरा. म्हातारे आहात, विसरलात तर कोण काय म्हणणार आहे. विगोट तर उघडच हातवारे करत होता.

डनिंग काठीवर रेलत उठला. त्यानं पोराकडं बघितलं नाही.

"मोडला की गेलं," तो म्हणाला. "गवत मालकाचं."

ऑर्ड्रिकनं दांड्याचा तुकडा खाली टाकला. त्याची मान अशी लाल झाली होती की गोल्डाला ती बघवेना. चाळिशीचा गडी, गावातला पहिल्या नंबरचा कापणारा, आणि सगळ्यांसमोर बापानंच त्याला खाली बसवलं. तिला रडू आलं. ते लपवायला ती वाकून इकडं तिकडं पडलेलं गवत उगीचच गोळा करू लागली.

"मग हे माझं," सर्लो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. त्यानं गढीवरच्या गड्याला गाडी आणायला हात केला.

"थांबा, मालक," डनिंग म्हणाला. "गाडी न्हाई चालत. अजून एक रीत हाय."

"काय?"

"पडलेलं गवत मालकाचं. पन मालकानं ते सोता उचलायचं. आपल्या हातानं, इळ्यावर, एका दमात, त्या झाडापत्तुर. मालकाच्या इळ्यावर जेवढं आलं तेवढं मालकाचं. खाली ऱ्हायलं ते ज्यानं कापलं त्याचं."

गोल्डा वाकलेलीच राहिली, हातात गवत तसंच. ती लग्न होऊन ऑर्ड्रिकच्या घरी आली तेव्हा सोळा वर्षांची होती. तेव्हापासून एक कापणी तिनं चुकवली नव्हती, पोटात पोर असतानाही नाही. ब्रिथविन मालक कुरणात यायचे ते खुर्ची घेऊन यायचे.

सर्लो म्हाताऱ्याच्या अगदी जवळ गेला. "हे तू रविवारी नाही सांगितलं."

"रविवारी दांडा मोडला न्हवता."

"शपथेवर सांगतोस?"

म्हाताऱ्याचा फूल पडलेला डोळा एकीकडं आणि चांगला डोळा सर्लोवर. "शपथ झाली की रविवारी," तो शांतपणे म्हणाला. "रोज रोज हाडाला हात लावला तर संताला राग येतो. आज तुमी इचारलं, म्या सांगितलं. तुमास्नी पटत नसंल तर गाडी आना."

सर्लोनं म्हाताऱ्याकडं बघितलं, मग ऑर्ड्रिककडं, मग गवतावर वाकलेल्या गोल्डाकडं. तिच्या फुटलेल्या फोडांतून रक्त येत होतं आणि या वेळी हात लपवायचं तिला सुचलं नाही.

"याचा बैल गावाच्या नांगराला असतो ना?" त्यानं विचारलं. "काळा, कपाळावर पांढरा?"

"व्हय, मालक," विगोट पुढं होऊन म्हणाला. "त्योच नांगर तुमच्या शेतातबी जातो. आदी तुमच्या, मग आमच्या."

सर्लोनं अंगावरचा झगा काढून गढीवरच्या गड्याकडं फेकला. बाह्या वर केल्या. दंड पांढरे होते, एकावर जुन्या जखमेचा व्रण. "विळा द्या," तो म्हणाला.

विगोटनं आपला विळा दिला. सर्लोनं तो भाल्यासारखा धरला आणि दोन बायकांनी डोईचे रुमाल तोंडावर घेतले. टोलानं मात्र न राहवून सांगितलं, "आसा न्हवं, मालक. पातं खाली, टोक पोटाशी." त्यानं तिनं सांगितलं तसं धरलं. मग तो गवताच्या त्या मोठ्या ढिगापुढं उभा राहिला, सगळ्या बाजूंनी फिरला, बाजारात घोडा बघावा तसा. आणि ढिगाच्या अगदी कडेला, पात्याच्या नुसत्या टोकानं, एखादी कोंबडी अंड्यांवर बसायला गोळा करील तेवढं गवत उचललं.

ते घेऊन तो झाडाकडं निघाला. हळू, मान ताठ, दांडा टेकू न देता. कुणी हसलं नाही. वाटेत त्यातल्या काही काड्या वाऱ्यानं उडाल्या आणि लोकांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. झाडाखाली त्यानं ते ठेवलं, हात झाडले आणि परत येऊन झगा घेतला.

"मी माझं उचललं," तो म्हणाला. "बाकी त्याचं. रीत आहे." मग म्हाताऱ्याकडं वळून जरा हळू, "अजून किती रीती आहेत तुझ्याकडं?"

"लागतील तशा आठवतील, मालक," डनिंग म्हणाला.

सर्लो स्वतःच्या भाषेत काहीतरी बोलला, ते कुणाला कळलं नाही, आणि घोड्यावर बसून गेला. त्याचे खांदे हलत होते. विगोट म्हणाला तो चिडला आहे. गोल्डाला तसं वाटलं नाही.

ते गवत शेजाऱ्यांनी हातोहात घरी पोचवलं. ओलं होतं म्हणून गोल्डानं ते दोन दिवस अंगणात फिरवलं आणि मग तिन्ही ओझ्यांची मिळून गोठ्यामागं गंजी रचली. ती वळचणीपर्यंत गेली. ऑर्ड्रिकनं ती वरून पेंढ्यानं शाकारली. मान अजून जरा लालच होती, पण शीळ घालत होता. ब्रॉकनं गळालेल्या काड्या चाटून साफ केल्या आणि मान हलवून आणखी मागितलं.

त्या संध्याकाळी गोल्डानं सासऱ्यापुढं ताट ठेवलं. चीजचा मोठा तुकडा, दोन दिवस राखून ठेवलेला, आणि कोवळे कांदे. ती समोरच बसली.

"मामंजी, ब्रिथविन मालकांनी इळा हातात धरलेला म्या कंदी पाह्यला न्हाई."

म्हातारा चीज हिरड्यांनी मऊ करत राहिला. ते गिळून झाल्यावर म्हणाला, "मीबी न्हाई पाह्यला."

गोल्डानं डोईचा रुमाल तोंडाला लावला, पण हसू ओठांतून फुटलंच. ती हसली, ऑर्ड्रिक हसला, आणि म्हातारा उगीच काय हसताय म्हणत स्वतः हसायला लागला तेव्हा त्याला ठसका लागला आणि त्याची पाठ थोपटावी लागली. त्या रविवारपासून त्याच्यावर धरलेला राग गोल्डानं शोधून बघितला, तो कुठं सापडला नाही.

इतक्यात दारात विगोट आला, अर्धा पेला दारू हातात घेऊन. त्याचं आधीच घरोघर सांगून झालं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

"आबा," तो उंबऱ्यावर बसत म्हणाला, "तुमी म्हनलात आन् मला पक्कं आठवलं बगा. म्या लहान व्हतो. ब्रिथविन मालक आसंच गवत उचलून झाडाकडं गेल्यालं म्या ह्या डोळ्यांनी पाह्यलंय. लाल टोपी व्हती त्यांच्या डोक्याला."

डनिंगनं ताटात मान घातली. ऑर्ड्रिक गंजीकडं बघू लागला. गोल्डानं विगोटच्या पेल्यात आणखी थोडी ओतली आणि क्षणभर विचार केला.

"लाल न्हवं," ती म्हणाली. "हिरवी व्हती."